साहेबांच्या घराचा काळा पेंढा

६ ऑक्टोबर १९९८, मंगळ.

ऑफिसनंतर साहेबांकडे, अझैबाला. टेबलभर फोटो. इंग्लंडमधलं त्यांचं गावाकडचं घर. डिसेंबरात रिटायर होऊन तिथेच जाणार. मला वाटलं दगडी बंगला असेल. निघालं मातीचं. जोतं तेवढं दगडी, वर मातीत काड तुडवून रचलेल्या भिंती, दोन-दोन हात जाड, कोपरे गोल. छप्पर गव्हाच्या पेंढ्याचं. एका टोकाला माणसं, दुसऱ्याला गुरं, मधून आरपार वाट. आमच्या वाडीतलंच घर, फक्त लांबलचक, म्हटलं.

सा. म्हणाले, "या घराचा नकाशा कधी कुणी काढलाच नाही. कांबळे, तू काढ. पेंढ्याखाली जन्मलेला ड्राफ्ट्समन मला दुसरा कुठे मिळणार?"

बरं वाटलं. इथे आखातात आल्यावर कित्येक वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

१० ऑक्टो., शनि.

घराचा उभा छेद काढतोय. धुराडं भलत्याच जागी, वाटेत घुसलेलं. सा. म्हणाले, ते मागाहून बांधलं. आधी आग मधोमध जमिनीवर, धूर पेंढ्यातून झिरपून बाहेर. आईची चूल डोळ्यापुढे आली.

आमच्या ऑफिसचं टायपिंग-फॅक्स सांभाळणारे हमीदभाई, राजापूरचे. डोकावून म्हणाले, "काय मास्तर, साहेबाचा गोठा किती मजल्यांचा?"

१४ ऑक्टो., बुध.

नकाशा पुरा. सोमवारपासून छप्पर शाकारायला घेणार. तिथल्या कंत्राटदाराला नकाशासोबत कामाची टीप हवी. सा. म्हणाले, छपराचं तूच लिही.

लिहिलं: जुना पेंढा वाशांपर्यंत पूर्ण उतरवावा, वासे झाडून घ्यावेत, मग नवा घालावा. आबा, माझे वडील, दर वैशाखात हेच करायचे. जुनं ठेवलं की घर गळतं, म्हणायचे. उतरवलेला पेंढा शेतात जाळायला, भाजावळीला.

हमीदभाईंनी टाइप करताना मान डोलावली. "बरोबर. जुन्यावर नवा कोण घालतो? किडामुंगी डोक्यावर घेऊन झोपायचं काय?"

सा.चा चष्मा गाडीत राहिलेला. "तू लिहिलंस ना?" म्हणाले आणि सही केली. फॅक्स गेला.

१६ ऑक्टो., शुक्र.

काल सकाळी सा. बाथरूममध्ये कोसळले. उजवी बाजू गेली. बोलणं एक-एक शब्दाचं. आज रात्री आठनंतर हॉस्पिटलात गेलो. सा.च्या मॅडम बाहेर बाकावर. म्हणाल्या, "एकच धरून बसलाय. काळा पेंढा, काळा पेंढा. माळ्यावर जाऊन तो बघायचाय त्याला."

कसला काळा, विचारलं.

धुराडं नव्हतं तेव्हाचा थर, म्हणाल्या. चार-पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्याच शेतात पिकलेला गहू, धुरानं तव्यासारखा काळा झालेला. माळ्यावर चढून बॅटरी मारली की दिसतो. सा.ना आजोबांनी दाखवला, आजोबांना त्यांच्या आजोबांनी. तिकडे वरचा झिजलेला थर तेवढा बदलतात. खालचा कधीच उतरवत नाहीत.

टिपेत काय लिहिलंय ते तिथेच सांगितलं. मॅडम तशाच फोन शोधायला उठल्या. तोवर तिकडची ऑफिसं सुटलेली. त्यांचा शुक्रवार कामाचा. ते ऑफिस उघडं असताना मी सुट्टी म्हणून दुपारभर झोपून होतो.

१७ ऑक्टो., शनि.

आमचं ऑफिस चालू, त्यांचं बंद. फॅक्स केला: जुन्या पेंढ्याला हात लावू नये. मशीन म्हणतं, पोचला. पोचला म्हणजे रिकाम्या खोलीत जमिनीवर पडला.

तिथल्या घरी फोन वाजतो, उचलत नाही कुणी. तिथे सा.चा पुतण्या राहतो. छपराच्या कामासाठी घर रिकामं करून गेलाय. कुठे, मॅडमना ठाऊक नाही.

१८ ऑक्टो., रवि.

माबेलाच्या साइटवरून येताना हमीदभाईंच्या गाडीत. तेच म्हणाले, "मीपण मान हलवली होती, मास्तर."

"तुम्ही टाइप केलंत. लिहिलं मी."

"मग काय एकट्यानं खाणार काय सगळं? अर्धं इकडे द्या."

हसू आलं. घालाच्या फाट्याशी येईपर्यंत हसू गेलं.

बुद्धवंदनेला बसलो. मन पेंढ्यावर.

१९ ऑक्टो., सोम.

तिकडचे आठ म्हणजे आमचे अकरा. तिथलं ऑफिस नऊला उघडतं. बाराच्या ठोक्याला फोन. मुलगी सभ्य होती. म्हणाली, "माणसं घरून परस्पर कामावर गेलीत. तुमचा कागद आत्ताच उचलला. कुणाला तरी पाठवते." किती लांब? "बरंच आडबाजूला आहे."

आबा आणि दोन काका न्याहारीच्या आत एक बाजू उघडी करत. गवत खाली येताना आवाज होत नाही फारसा.

संध्याकाळी पुन्हा लावला. उचलला नाही.

२० ऑक्टो., मंगळ.

तिकडून फोन नाही. मॅडमनी सा.ना काही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात धक्का नको.

सा.नी डाव्या हातानं हवेत रेघ ओढली. नकाशा हवा होता. जवळ नव्हता. मॅडमनी कोरा कागद दिला. पलंगाच्या कडेला बसून पुन्हा छेद काढला. जोतं, भिंत, वासे. वाशांच्या वर येऊन हात थांबला.

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "काळा," म्हणाले.

मॅडम खिडकीकडे वळल्या.

मी थर भरू लागलो. पेन्सिल बोथट होईपर्यंत भरला. सा. बघत होते, डोळे मिटेपर्यंत. तोंडानं मी काही बोललो नाही.

रोज पहाटे मुसावादा वेरमणी म्हणतो, खोटं बोलणार नाही. कागदावर केलेलं त्यात धरतात का, इथे कुणाला विचारावं कळत नाही. कागद त्यांच्या उशाशीच राहिला.

हमीदभाई ऑफिसात फॅक्सपाशी थांबलेत. तिकडे अजून ऑफिस सुटलेलं नाही.