जाताना किती, येताना किती

१० नोव्हेंबर, सोम.
पत्र आलं. ऑफिसात तीनदा वाचलं, मग दार लावून चौथ्यांदा.
वर्कशॉपची कमांड. लेहच्या पलीकडे. दीडशे माणसं, त्या सगळ्या पट्ट्यातल्या फौजेच्या गाड्या आणि जनरेटर चालते ठेवायचे, आणि प्रमुख मी. अठरा वर्षं ह्याचीच वाट बघितली. कमिशन मिळालं तेव्हा आम्हा मुलींना तोंडावर सांगायचे, "कमांड वगैरे डोक्यातून काढून टाका." नाही काढलं.
जानेवारीच्या मध्यात रुजू व्हायचं. दोन वर्षं. होकार किंवा नकार, जे काय ते ५ डिसेंबरपर्यंत लेखी. नकार दिला की फाइल पुढच्या माणसाकडे. माझ्या वयात ती परत फिरत नाही.
सईची दहावीची परीक्षा फेब्रुवारीत.
घरी काही बोलले नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. मिलिंद म्हणाला, "आज समुद्रावर होती का ड्यूटी?"

१२ नोव्हेंबर, बुध.
सांगितलं. जेवताना.
मि.: "अभिनंदन." मनापासून म्हणाला, हे कळलं. त्यानंतर पोळी तशीच ठेवून उठला, हेही कळलं. पॉलिटेक्निकला गणित शिकवतो. एवढ्या वर्षांत आवाज चढवल्याचं आठवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
सई फोनमधून मान वर न काढता: "जा ना. आम्हाला सवय आहे."
तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तरी रात्री आडवी झाले तर डोळ्यांपुढे काय, तर पहिली परेड. पहाटे उणे वीस, ओळीने गाड्या, आणि एकेक इंजिन धरत जातं. तीन वर्षं इथं पुण्यात टेबलावर बसून स्पेअर पार्ट्सच्या मागणीपत्रकांवर सह्या करतेय. डिझेलचा वास फक्त कोथरूड डेपोवरून जाताना येतो. मुद्दाम त्या रस्त्याने जाते. कोणाला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
मेंटेनन्स डे. (सई म्हणते, जगात फक्त आपल्या घरात रविवारी मेंटेनन्स डे असतो.) डोकं ठिकाणावर नसलं की मी सामानाची मोजदाद काढते. गॅलरी, माळा, मग पार्किंग.
पार्किंगमध्ये सोसायटीची नवी पाटी: "हे वाहनतळ आहे, पुराणवस्तू संग्रहालय नव्हे. तीन वर्षांत न हललेली वाहने मालकांनी आपल्या दिवाणखान्यात हलवावीत. तिथे जागा नसल्यास इथेही नाही." आमच्या स्कूटरसमोरच लावलीय, म्हणजे रोख उघड आहे.
सई वर्षाची असताना घेतलेली, गिअरची. मी इथं बदलून आले, कार घेतली, तेव्हापासून कव्हरखाली उभी. तपासली. दोन्ही टायर गेलेले, टाकीत गंज, क्लच केबल तुटलेली. फौजेत अशा गाडीवर बोर्ड बसतो आणि दहा मिनिटांत शेरा मारतो, दुरुस्तीलायक नाही. माझा बोर्ड एका माणसाचा. तीन मिनिटं लागली.
भंगारवाला टेम्पो घेऊन आला, घेऊन गेला. जागा झाडून काढली. फार बरं वाटलं.
मि. तेव्हा मंडईत होता.

१७ नोव्हें., सोम.
मि. कालपासून मोजून बोलतोय. "चहा?" "हो." "साखर?" "नको." एवढंच.
संध्याकाळी मीच काढलं. "अरे, भंगार होतं ते."
"असेल."
"मग तोंड का पाडलंयस?"
"गाडी निकालात काढण्याआधी लॉगबुक बंद करायचं असतं ना? तूच सांगायचीस."
मी हसले. म्हटलं, "बरं, आण लॉगबुक."
गेला आतल्या खोलीत आणि आणलं. चार वह्या. लांबट, पुठ्ठ्याच्या. माझ्यापुढे ठेवल्या आणि पोळ्या लाटायला गेला.

१८ नोव्हें., मंगळ.
रजा टाकली. सकाळपासून वाचतेय.
स्कूटर घेतली तेव्हा मी त्याला शिकवलं होतं. गंमत म्हणून. फौजेत लॉगबुकशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही, तूही ठेव. रकाने मीच आखून दिले: तारीख, काम, किलोमीटर, जाताना किती माणसं, येताना किती. आणि एक नियम. येतानाचा रकाना आल्यावरच भरायचा, आधी नाही. आमचे ड्रायव्हर आळस करून आधीच भरून टाकतात आणि शिक्षा खातात.
मला वाटलं होतं महिनाभर टिकेल. ह्या माणसाने अकरा वर्षं ठेवलं. गणिताचा मास्तर!
"स्टेशन, तिला सोडायला. जाताना ३, येताना २." हे पहिल्याच पानावर आहे. त्या वेळी सई पुढे उभी राहायची, हँडल धरून.
"पाळणाघर. जाताना २, येताना १." पानंच्या पानं हेच. संध्याकाळी उलटं.
"पाळणाघर, दुपारी. जाताना १, येताना २. ताप."
"दवाखाना. आई. जाताना २, येताना २." मग एकदा, "दवाखाना. जाताना २, येताना १." सासूबाई. मी पोचले तेव्हा तेरावा दिवस होता.
"सायकल आणायला. जाताना २, येताना १. सई सायकलवर, मी मागून हळू."
ती सायकल शिकली हे मला फोनवर कळलं होतं. "अरे वा" म्हणून मी फोन ठेवला होता, कारण समोर क्रेनचा पट्टा तुटला होता. तो पट्टा कसा बदलला ते आजही खडान्‌खडा सांगू शकते.
जेवले नाही.

२० नोव्हें., गुरु.
तिसऱ्या वहीतली एक ओळ डोक्यातून जात नाही.
"स्टेशन, तिला आणायला. जाताना २, येताना ३." ह्या तीनवर काट. वर बारीक अक्षरात २.
म्हणजे घरून निघतानाच त्याने तीन लिहून टाकलं होतं. मिलिंदने. कुठलाही हिशोब आधी उत्तर लिहून सोडवत नाही तो.
ऑक्टोबर, सई सहा वर्षांची. त्या तारखेला मी कुठे होते ते मला भिंतीकडे बघूनही सांगता येतं, प्रशस्तिपत्रक तिथेच लावलंय. हिवाळ्याचा साठा वर चढवत होतो, दरड कोसळली, बावीस ट्रक अडकले. तीन दिवस मी आणि माझी माणसं केबल बांधून एकेक ट्रक ओढत होतो. शेवटचा ट्रक बाहेर निघाला तो तिसरा दिवस, आणि तीच ही तारीख. रजा रद्द झाल्याचा निरोप पाठवला होता, तो पोचला नाही.
माझ्या सबंध नोकरीतला सर्वांत चांगला दिवस.
मि.ला विचारलं, "किती वेळ थांबलात?"
"पुढच्या गाडीपर्यंत."
"आणि मग?"
"मग त्याच्या पुढच्या. सईला वाटलं, तू झोपेत पुढे निघून गेलीस."
कप विसळत बसले.

२२ नोव्हें., शनि.
हडपसर. भंगारवाल्याचं गोदाम शोधायला तास गेला. मिळाली. सापळा उभा होता, इंजिन आत, पण कार्बोरेटर काढून ढिगात टाकलेला.
"मॅडम, ह्याच्यापेक्षा चांगला देतो की. नवाकोरा वाटंल."
"मला तोच हवा."
"कसा ओळखणार?"
एका रजेत मी त्याच्या स्क्रूंना पितळी तार पिळून बांधली होती, धक्क्याने ढिले पडू नयेत म्हणून. आमची सवय. ढिगापाशी उकिडवी बसले. तासाभराने तार दिसली आणि मला चक्क रडू आलं. भंगारवाल्याने पाण्याची बाटली दिली. म्हणाला, "लई जवळची गाडी दिसती."
टेम्पोत घालून परत आणली. सेक्रेटरी काका फाटकात. "अरे वा, पुनरागमन!"
मी म्हटलं, "काका, ५ डिसेंबरपर्यंत हलेल."
तारीख तोंडातून आपोआप आली.

२५ नोव्हें., मंगळ.
रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये. टाकी धुतली, केबल घातली. टायर उद्या. हात काळे झाले. तीन वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती.
सई आज खाली आली. भूगोलाचं पुस्तक घेऊन पायरीवर बसली. पाऊण तासाने: "तू गुणगुणतेस, माहितीय का तुला? घरात कधी नाही गुणगुणत."

३० नोव्हें., रवि.
सुभेदार जाधवसाहेबांचा फोन. साताऱ्याकडचे. त्या बावीस ट्रकांच्या वेळी माझ्यासोबत होते, आता लेहपलीकडच्या ह्याच वर्कशॉपला आहेत. कुठून तरी कुणकुण लागलीय.
"मॅडम, खुर्ची पुसून ठिवलीय. कवा येताय?"
"अजून ठरलं नाही, साहेब."
"न्हाई ठरलं? तुमचं?" मग, "घरचं असंल. बरं बरं. पोरं इचारत्यात म्हनून म्हनलं."
फोन ठेवला आणि अशी ओढ लागली की बस. बूट काढून पॉलिश केले. उगाच.
मि. दारात उभा राहून बघत होता. आज मीच भांडण काढलं. "स्पष्ट सांग ना एकदा, जाऊ नकोस म्हणून!"
"नाही सांगणार."
"का?"
"तू गेलीस तर मला राग येईल. नाही गेलीस तर तुला येईल. तुझा जास्त दिवस टिकतो." मग पाठ फिरवून म्हणाला, "मला तू हवी आहेस गं घरात. पण ही चिडकी नकोय, ती पार्किंगमधली हवीय. आता ह्याचं काय करायचं ते तू बघ, ऑपरेशन्स तुझा विषय."
खरं सांगायचं तर मला जायचंय. जीव तुटतोय जाण्यासाठी. आणि फेब्रुवारीत सईच्या शाळेच्या फाटकाबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभंही राहायचंय, बाकीच्या आयांसारखं. दोन्ही तितकंच. कुठलंच कमी होत नाही.

३ डिसेंबर, बुध.
सातव्या किकला धरली! धूर, फटफट, सगळी बिल्डिंग गॅलरीत. सेक्रेटरी काका: "आता हा आवाज कधी थांबणार?" सई हसून हसून पायरीवर आडवी.
मग तिथेच, हात पुसता पुसता तिने विचारलं, "माझी परीक्षा होईपर्यंत थांबलीस तर कमांड दुसऱ्याला जाईल?"
"हो."
"नक्की?"
"नक्की."
"मग मला विचारू नकोस. मी थांब म्हटलं तर आयुष्यभर माझ्यामुळे. जा म्हटलं तर..." नाक लाल. जवळ घ्यायला गेले तर, "ई, ग्रीसचे हात!" पण हलली नाही.
वह्या तीही वाचते म्हणे. केव्हापासूनची.

५ डिसें., शुक्र.
हे ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून लिहितेय. दहाला साहेबांसमोर उभं राहायचंय.
पिशवीत दोन पत्रं आहेत. एक होकाराचं, एक नकाराचं. दोन्हींवर सही केलीय. अठरा वर्षांत असं कधी केलं नाही. मोहिमेला एकच आदेश निघतो, हे मी इतरांना शिकवते.
सकाळी स्कूटर काढली. विमा मि. दर वर्षी भरत होता. उभ्या गाडीचा! सई म्हणाली, मला शाळेत सोड. नव्या हेल्मेटचा पट्टा तिला लागेना, मी लावून दिला. ती लहान असताना असं काही केल्याचं मला आठवत नाही, आणि वहीतही नाही.
निघताना मि.ने चौथी वही आणि पेन पुढे केलं. "भरा, मॅडम."
भरलं. तारीख. काम: शाळा, मग ऑफिस. किलोमीटर. जाताना २.
"येताना?" मि.
"आल्यावर भरेन."
"तेच बघत होतो, नियम लक्षात आहे का." आणि स्वतःच वही डिकीत ठेवून झाकण लावलं.
शाळेच्या फाटकाशी सई उतरली. नेहमीसारखी न वळता जाईल असं धरून चालले होते. चार पावलं गेली आणि मागे आली.
"पाचला घ्यायला येशील?"
तिने आजवर माझ्याकडे असं काही मागितलेलं नाही. मी "येते" म्हटलं.
"उशीर करू नकोस. मी फाटकातच असेन."
दहाला पाच कमी. दोन्ही पत्रं सीटवर काढून ठेवलीत. वारा आहे, म्हणून वर हेल्मेट.