तांब्याच्या गडूतली नर्मदा

मामंजी,

तुमच्या हयातीत मी तुम्हांला ‘आपण’ म्हणत असे. सून म्हणून ते योग्यच होते आणि शिष्या म्हणून तर अधिकच. या पत्रात मात्र ‘तुम्ही’ म्हणणार आहे, कारण ‘आपण’ म्हणताना मला रागावता येत नाही, आणि आज मला रागवायचे आहे. तुमच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी दर वर्षी सोवळ्यात केला, त्यात कधी उणे ठेवले नाही. पिंडांबरोबर हा राग वाहून जाईल असे पहिली काही वर्षे वाटत होते. तो गेला नाही. आता माझेही केस तुमच्यासारखे पांढरे झाले आहेत आणि काचेच्या पेटीपुढे बसले की तो अजून तसाच वर येतो.

तुम्हांला आठवत असेल, सासूबाई गेल्यावर तुम्ही धारचे बिऱ्हाड आवरून देवासला आमच्याकडे आलात. हे कारखान्यात, मी घरात. संस्थानी अंमलदारीतला तुमचा दरारा बरोबर आला होता, आणि दोन पेट्या पोथ्याही. दुपारची जेवणे उरकली की तुम्ही माजघरात पाट मांडायला सांगत आणि मला पुढ्यात बसवून शिकवत. माहेरी वडिलांनी माझी संस्कृताची सुरुवात करून दिली होती आणि लग्नाने ती मोडली होती. ती तुम्ही पुन्हा सुरू केलीत. शेजारच्या बायका म्हणत, “सासरा सुनेला वेदान्त शिकवतो, मग पोळ्या कोण लाटतं?” तुम्ही आतून मोठ्याने उत्तर देत, “पोळ्या तीच लाटते. म्हणून तर तिला वेदान्त लवकर कळतो!” त्या दुपारींचे ऋण मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर राग इतका टिकला नसता.

समुद्राची कल्पना माझी होती. कोकणातल्या ज्या गावी मी वाढले तिथे घरामागचा उतार थेट कातळापर्यंत जाई आणि ओहोटीला कातळातल्या डबक्यांत समुद्रफुले, फुलांसारखे दिसणारे मऊ जीव, उघडत. देवासला आल्यावर टेकडीवरच्या देवीचे दर्शन घेऊन खाली पाहावे तर चहूकडे माती, काळी आणि कोरडी. मी कुरकुर केली नाही. एका सुट्टीत यांना एवढेच म्हणाले, “एक डबके मला इथे हवे.” यांनी हसण्यावारी नेले नाही. लोखंडी चौकटीची पेटी खाऱ्या पाण्याने गंजेल म्हणून नुसती काचेला काच चिकटवून पेटी केली. तळाशी भोके पाडलेली प्लॅस्टिकची जाळी, तीवर शिंपल्यांचा चुरा, कोपऱ्यात हवेचा पंप, वर ट्यूबलाइट. समुद्राचे पाणी प्लॅस्टिकच्या कॅनांतून एस्टीने आणि मग रेल्वेने आले. दगडावर बसलेले समुद्रफूल ओल्या शेवाळात गुंडाळून डब्यातून आले आणि रतलामला गाडी थांबली तेव्हा हे फलाटावर सायकलच्या पंपाने त्या डब्यातल्या पाण्यात हवा भरत होते. हमालांनी कडे केले. एक जण म्हणाला, “भिया, पंचर किधर है?”

पेटी भरली म्हणजे समुद्र झाला असे नव्हे, हे मला ठेचा खाऊन कळले. लोणचे मुरते तसे ते पाणी मुरावे लागते. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वसावे लागतात, तेच घाण खाऊन पाणी राखतात. तोवर त्यात काही सोडायचे नाही, धीर धरायचा. पुढे उन्हाळा. माळव्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही बॅटरीत घालतात त्या ऊर्ध्वपातित पाण्याची, आणि रोज थोडी. खारटपणा मोजायला मी दुधाचा लॅक्टोमीटर वापरी. दोन दुधे तपासताना मध्ये एकदा समुद्र तपासी. पेटीवर ओले पंचे आणि समोर टेबलफॅन. वीज गेली की मगाने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. कितीदा हातातली कणीक तशीच टाकून मी तिथे उभी राहिले आहे! सारा खटाटोप एका गोष्टीसाठी होता, की काल होते तसेच पाणी आज असावे. बाकी काही नाही. एवढेच फार कठीण होते.

तुम्ही आधी नाक मुरडलेत. शेजारचे गृहस्थ यांना विचारत, “क्यों भिया, पाल रिये हो कि तलोगे?” आणि तुम्ही ओशाळत असा. मी बाजारातून सुकट आणली, कारण समुद्रफूल भाजीपाला खात नाही, तेव्हा तुम्ही कडाडलात, “या घरात सुकट?” मी म्हणाले, “न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात ठेवीन, चिमटाही वेगळा ठेवीन. पण जीवच जिवाचे अन्न आहे हे आपणच गेल्या आठवड्यात सांगितलेत.” तुम्ही मिशीत हसलात. मग फूल उघडले. हिरवट देठ, जांभळी टोके, आणि शंखात राहणारे दोन खेकडे त्याच्याभोवती फिरणारे, दगडाला बिलगलेली मऊ प्रवाळांची नाणी. त्यानंतर धारहून कोणी आले की पहिला चहा पेटीसमोर. “आमच्या सूनबाईंचा समुद्र!” हे तुम्ही अशा थाटात म्हणत की जणू मंथनाला दोरी तुम्हीच धरली होती. मला ते आवडे. हेही लिहून ठेवते.

आणि मग सारे मरू लागले. एकदम नव्हे. फूल आक्रसले, त्याचे तोंड लोंबू लागले. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. खेकडे शंख सोडून उघडे बाहेर आले आणि मेले. दोन लहान मासे मात्र धडधाकट. लॅक्टोमीटर रोज थोडा अधिक बुडे आणि मला कळेना पाणी पातळ का होते आहे. दूधवाला दारात उभा राहून माझे मोजणे पाहत होता. म्हणाला, “क्यों भाभीजी, समंदर में भी पानी मिला रिया है कोई? हमको तो खाली-पीली बदनाम करते हो.” मी हसले. तो खरे बोलत होता हे मला महिनाभराने कळले. उज्जैनच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका बाईंना मी जाऊन भेटले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मासे जिवंत आणि बिनकण्याचे सगळे मेले? घरात कुठून तांबे पाण्यात जाते आहे का?”

घरी येऊन मी देवघरासमोर उभी राहिले. तांब्याचा कलश, तांब्याचे ताम्हन, तांब्याची पळी. तुम्ही सहजपणे, किंचित अभिमानानेच सांगितलेत, “रोज पूजेनंतर कलशातले पाणी मीच घालतो की. अर्धे तुळशीला, अर्धे समुद्राला. पाणी उतरलेले दिसते, सूनबाई, तुम्हांला कामात सुचत नाही.” मी सांगितले की तांबे या जिवांना विष आहे, अगदी थोडेही. तुम्ही म्हणालात, “तांबे आणि विष? अहो, तांब्याने पाणी शुद्ध होते.” मी म्हणाले, “आपल्यासाठी. त्यांच्यासाठी नाही.” मग तुम्ही मान हलवलीत. ती मान मी वचन म्हणून घेतली. त्या खेपेचा राग मी धरला नाही, मामंजी. जे ठाऊक नव्हते त्याचा दोष नसतो. रडले, दगड फेकून दिले, कारण तांबे दगडात मुरून बसते, आणि पुन्हा नव्याने सुरुवात केली.

दुसरे फूल माझ्या वडिलांनी दिले. कंबरेत वाकलेला तो म्हातारा ओहोटीला कातळावर उतरला, आणि फुलाला धक्का न लागता ते दगडासकट कसे उचलावे हे मला दाखवत राहिला. “तिकडे नीट ठेव,” एवढेच म्हणाले. त्या पावसाळ्यानंतर ते गेले. घर भावकीत गेले, आणि त्या किनाऱ्यावर मला पाय धुवायला पाणी देईल असे कोणी उरले नाही. तुम्हांला हे ठाऊक होते. त्यांच्या दहाव्याला तुम्हीच मला जवळ बसवून म्हणाला होतात, “मुली, तुझे माहेर आता या पेटीत.” हे तुमचेच शब्द. मी ते पेटीपेक्षा जपून ठेवले.

नंतर तुम्ही धरमपुरीला गेलात. नर्मदेवर स्नान, नावेतून पलीकडे जाऊन देवदर्शन. तीन दिवसांनी परतलात ते मेणाने तोंड बंद केलेला तांब्याचा गडू घेऊन. सकाळची वेळ. मी स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवते आहे. दारातून मला तुम्ही दिसता, सोवळे नेसलेले, ओठ हलताहेत, आणि गडूतून पाण्याची बारीक धार पेटीत पडते आहे. फूल उघडे आहे. धार थेट त्याच्यावर. मी ओरडते, “मामंजी!” त्या घरात माझा आवाज तितका कधी चढला नव्हता. तुम्ही वळला नाहीत. मंत्र पुरा केलात, गडू उपडा करून शेवटचा थेंब सोडलात आणि मग म्हणालात, “नदीवाचून समुद्र कसा, सूनबाई? तो पोरका दिसत होता.”

“मी सांगितले होते. तांबे.”

“तांबे गडूचे आहे. नर्मदा तांब्याची नाही.”

हे वाक्य मी गेली किती वर्षे ऐकते आहे! तुम्हांला वाटले असेल की तुम्ही मोठे अकाट्य बोललात. शाब्दिक विजय मिळवून तुम्ही पाटावर जाऊन बसलात आणि मी उघड्या हातांनी फूल दगडासकट उचलून परातीत ठेवले, पलंगाखालच्या कॅनांतले साठवणीचे पाणी त्यावर ओतले, पेटी उपसली, धुतली. हे कारखान्यातून रजा टाकून आले. फूल पाच-सहा दिवस तगले, एकदा थोडे उघडलेही, मग पाण्यात विरघळून गेले. वास आला. वडिलांच्या हातचा दगड तेवढा उरला.

त्याच दुपारी तुम्ही पोथी उघडून मला हाक मारलीत. “मागचे कुठवर आले होते?” बस्स, एवढेच! तुम्ही धरमपुरीला जाण्याआधी आपण स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचत होतो. सगळीकडून नद्या येऊन मिळतात आणि समुद्र ढळत नाही, ही उपमा तुम्ही कितीदा डोळे मिटून समजावली होती. मला त्या क्षणी लख्ख दिसले की तुम्ही वाचलेत तेच केलेत. पण तो महासागर होता, मामंजी. माझा समुद्र चार घागरींचा. तो आपणहून अचल नव्हता, त्याला रोज मी अचल ठेवत होते, लॅक्टोमीटर लावून, पंचे भिजवून, मगाने पाणी ओतून. उपमेतल्या समुद्राला कोणी सांभाळावे लागत नाही म्हणून तुम्हांला सांभाळणारी दिसलीच नाही. आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यास, हा क्रम तुम्ही मला शिकवलात. माझ्या बाबतीत तुम्हांला पहिली पायरी चढता आली नाही. एका बाईने स्वयंपाकघरातून सांगितलेले वाक्य ऐकण्याइतकेही श्रवण तुमच्यापाशी नव्हते. मी म्हणाले, “आज नको.” मग रोजच आज नको झाले. तुम्ही कारण विचारले नाहीत. आणि धारचे पाहुणे आले तेव्हा रिकाम्या पेटीकडे हात करून म्हणालात, “समुद्रातली वस्तू. माळव्यात कशी जगायची?” मी चहा ठेवून आत गेले. माळव्याने काय बिघडवले होते? माळव्यात ती जगत होती!

तुमची चूक मोठी नव्हती. वाटल्यास भक्तीच होती. “चुकलो” म्हणाला असतात तर मी त्याच संध्याकाळी पाट मांडला असता. तुम्ही दोन वर्षे जगलात, दोन्ही वेळा माझ्या हातचे जेवलात, आणि तो एक शब्द गिळून बसलात. शेवटचे पाणी तुमच्या तोंडात मीच घातले, तुळशीचे पान ठेवून, त्याच तांब्याच्या गडूतले. तुम्ही ते शांतपणे घेतलेत. तुम्हांला ते मानवत असे.

आता मीठ पिशवीत मिळते, इंदूरला प्रवाळ विकत मिळते, पंप आवाज करत नाहीत. लॅक्टोमीटर मात्र जुनाच आहे. वडिलांचा दगड किती वर्षे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून बदलून पुन्हा पेटीत ठेवला, त्यावर आता मऊ प्रवाळ धरले आहे. रोज सकाळी काचेच्या बरणीतून भर घालताना माझेही ओठ हलतात. स्नानाच्या पाण्यात सात नद्यांना बोलावण्याचा तो मंत्र, तुमच्याच चालीत. फक्त मी सहाच नावे घेत असे. नर्मदेचे गाळत असे, ठरवून, इतकी वर्षे. माता म्हणतो त्या नदीशी असे वागणे पाप आहे हे मला समजते, तरी गाळत असे.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, तेव्हा खरे ते लिहिते. आज सकाळी सातही नावे तोंडून गेली. बरणी रिकामी झाल्यावर लक्षात आले. मी बराच वेळ तिथेच उभी राहून पाहत होते, पेटीत काही मिटते आहे का. काहीच मिटले नाही.