कोनशिलेवरील ‘उद्घाटन’ या शब्दाबद्दल

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारीसाहेब,
जिल्हा परिषद.

विषय : मौजे खडकमाळवाडी येथील दवाखान्याच्या कोनशिलेवर खाली काही ओळी वाढवून कोरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाकडून आम्हांस आलेली तीन उत्तरे.

महोदय,

मी खाली सही करणार कोंडीबा ज्ञानू पाथरवट, वय वर्षे एकसष्ट, धंदा जाती-पाटे घडवणे व दगडावर अक्षरे कोरणे. विषयात लिहिलेली कोनशिला मीच घडवली आहे. म्हणून आधी माझा गुन्हा लिहितो, मग आपला.

१) सन १९७६ च्या मार्चमध्ये आमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य श्री. आप्पासो यांनी मला बोलावले. गावाला बाळंतपणाच्या खोलीसह दवाखाना मंजूर झाला होता व पायाभरणीचा दगड हवा होता. मी ‘पायाभरणी’ असे खडूने आखूनही घेतले. तेव्हा सदस्य महोदय, मी वयाने वडील असता, मला म्हणाले, “दोन-दोन येळा दगड कशाला रं? एकदाच ‘उद्घाटन’ घाल की गड्या. इमारत काय, हुतीयाच.” मी घातले. ‘यांच्या शुभहस्ते’ घातले, त्यांचे नाव ठसठशीत घातले. अक्षर इतके झकास उठले की आज मला माझ्याच हाताची शिसारी येते.

२) हार, नारळ, भाषण झाले. माळावर चौथरा आणि दगड उभा राहिला. वीट एक आली नाही. वर्षभर वाट बघून आम्ही अर्ज केला, तर आपले पहिले उत्तर आले की, सदर गावी दवाखान्याचे उद्घाटन झालेले असल्याने पुन्हा दवाखाना देता येत नाही. दुसऱ्या अर्जावर आपले तपासनीस आले. त्यांनी दगड वाचला, तारीख उतरून घेतली, ताक प्याले. आम्ही विचारले, “सायेब, हितं भिंत तरी दिसती का?” ते म्हणाले, छापील तक्त्यात भिंतीचा रकाना नाही. मग दुसरे उत्तर आले : समक्ष पाहणीत उद्घाटन झाल्याची खात्री पटली. तिसऱ्या उत्तराने तर कमालच केली. दवाखान्यात दोन वर्षांत एकही रोगी आल्याची नोंद नाही, सबब गावकरी लाभ का घेत नाहीत याचा आठ दिवसांत खुलासा करावा!

३) खुलासा करतो. लाभ घ्यायला माझी सून सौ. सुलाबाई गेली होती. मुलगा अर्जुना फौजेत आहे, सरहद्दीवर. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेस सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पोर आडवे आले होते. सुईण हरणाबाईने दुपारपर्यंत शर्थ केली आणि मग म्हणाली, “आता माज्या हातचं न्हाई, मिरजंला न्या.” आम्ही बैलगाडी जुंपून एस. टी. च्या रस्त्याकडे निघालो. माळावर आल्यावर ती म्हणाली, “मामा, जरा गाडी थांबवा, लय हादरतंय.” दगडापाशी थांबवली, कारण त्या माळावर सावली तेवढीच आहे. तिथेच ती गेली आणि पोटातले पोरही गेले. वय बावीस. मुलाला काय लिहायचे ते अजून सुचलेले नाही.

४) मातीला आप्पासो आले होते. देवाची मर्जी म्हणाले. महोदय, कोनशिलेवर देवाचे नाव नाही, आप्पासोंचे आहे. मला त्यांची माफी नको, भरपाई नको. मला सूड पाहिजे आणि तो मी माझ्या हत्याराने घेणार आहे. हत्यार म्हणजे छिन्नी. पोलिसांना कळवण्याची तसदी घेऊ नये. तरी ‘यांच्या शुभहस्ते’ या ओळीखाली पुढील मजकूर कोरण्यास परवानगी असावी :

‘या दवाखान्याच्या दारी आलेली पहिली रोगी सौ. सुलाबाई अर्जुना पाथरवट व तिचे बिननावाचे मूल. दोघेही उपचाराविना मयत.’

आप्पासो मते मागायला येतात तेव्हा सभा त्याच चौथऱ्यावर घेतात. या खेपेला लोक भाषण ऐकतील का दगड वाचतील, ते मला बघायचे आहे.

५) गावात आज आणखी दोन बायका पोटुशी आहेत. पैकी रंगुबाईचे दिवस श्रावणात भरतात. आपण दप्तरातला ‘उद्घाटन’ हा शब्द खोडून खोली व नर्सबाई पाठवलीत, तर दगडावरचा मी फुकट तासून देतो. सुलाबाईच्या ओळी मात्र राहतील.

पंधरा दिवसांत काही न झाल्यास, तिच्या ओळींखाली अजून जागा आहे. मोजून पाहिली, एक नाव आणि एक हुद्दा बरोबर बसतो. ‘यांच्या कृपेने’ एवढे आखून तयार आहे. तरी आपले संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, ऱ्हस्व-दीर्घ तपासून कळवावे. दगडावर खाडाखोड होत नाही.

नम्र लिहायची रीत आहे म्हणून आपला नम्र,

कोंडीबा ज्ञानू पाथरवट
मु. खडकमाळवाडी
दि. १२ जून १९७८

सोबत :
१) कोनशिलेचा कोळशाने घेतलेला ठसा.
२) आपल्या तिन्ही उत्तरांच्या नकला.
३) कोरा कागद एक, आपले नाव लिहून पाठवण्यासाठी.