कंसातलं औषध

प्रिय ताई,

आईच्या पायांवर डोकं ठेवून सुरुवात करतो.

मी मजेत आहे, खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईला झोप लागते का गं?

आईच्या वेदनांवर मॉर्फिन द्यायला तिथल्या दवाखान्याकडे परवाना नाही, हे तुझ्या पत्रात काल संध्याकाळी वाचलं. त्याच दिवशी सकाळी इथे अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आमच्या ठरावाचा मसुदा मंजूर झाला. वादाचे शब्द आम्ही एकमत होईपर्यंत कंसात ठेवतो. 'रुग्णांना वेदनाशामक सहज मिळावं' हे यंदाही कंसात होतं. बाकीचं पदरात पडावं म्हणून मीच ते सोडून दिलं. टाळ्याही पडल्या.

परवान्यासाठी इथून खटपट करतोय.

आईच्या उशाशी रुग्णांना वेदनाशामक मिळावं म्हणून मी लिहिलेलं पुस्तक असतं, आल्यागेल्याला ती दाखवते. तेवढं उचलून ठेव. विचारलं तर सांग, डॉक्टरांनी वाचायला नेलं. तेवढ्यानेही ती खूश होईल.

तुझा धाकटा