कारण : पहाड पाहायला

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. परवा आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक नवी ऑपरेटर रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली. कारणाच्या रकान्यात 'मावशी आजारी' असं लिहिलेलं. "खरं काय ते सांग," म्हटलं, तर खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, आम्ही मैत्रिणी पचमढीले जाऊन राहिलो. फिराले." मी तिच्याकडून मावशी खोडून घेतली आणि 'फिरायला' असं लिहून घेतलं. ती गेल्यावर मात्र माझं लक्ष कामात लागेना. तुमचा आवाज कानात घुमत राहिला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या दिवशी तुम्ही गिरणीतून पहिली पाळी करून आला होतात. केसांना कापसाची तूस तशीच. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि मी तुमच्या ताटाशेजारी नकाशा पसरून बसले आहे. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या नोकरीला तीन वर्षं झाली होती माझ्या. मी म्हणाले, "बाबा, दिवाळीत मी नेपाळले जाऊन राहिली." तुमचा चेहरा एकदम उजळला. "लुंबिनीले? विहारातले लोक जाऊन राहिले काय?" मी म्हणाले, "नाही. पोखऱ्याले. बर्फाचे पहाड पाहाले."

"पाहून मंग काय करशील?"

"काही नाही. पाहाचे अन् वापस याचं."

तुम्ही घास ताटात ठेवलात. "आपले लोक कामानं घर सोडतात. सभेले जातात, मोर्च्याले जातात, दीक्षाभूमीवर येतात. फिराले शेठलोक जातात. तुले याच्यासाठी शिकवलं काय मी?"

"याच्यासाठीबी," मी म्हणाले.

आई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना तिले." तुम्ही तिला गप्प केलंत. त्या दिवसापासून आपलं बोलणं आईमार्फत सुरू झालं.

मी तयारी थांबवली नाही. सोबतीला जरीपटका वस्तीतली माझी सिंधी मैत्रीण होती, माझ्याच बोर्डावर बसणारी. फाळणीत आईच्या कडेवर बसून ती सरहद्द पार करून आली होती. ती म्हणायची, "एक सरहद्द आईनं मला घेऊन पळत ओलांडली, आता एक चालत ओलांडून पाहू." आम्ही गाड्या शोधल्या. इटारसी, लखनौ, गोरखपूर, मग सरहद्दीपर्यंत बस आणि पुढे त्या वेळी नवीनच झालेली पोखऱ्याची सडक. सीताबर्डीच्या फुटपाथवर एक तिबेटी बाई स्वेटर विकायची. तिच्याकडून मी निळा स्वेटर घेतला आणि विचारलं की बर्फ कसा दिसतो. "ठंडा होता है," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

निघायच्या आठ दिवस आधी तुम्ही आईच्या तोंडून निरोप दिलात, वाटेत लुंबिनी करून ये, मग मी आडवा येत नाही. सरहद्दीपासून लुंबिनी किती जवळ आहे, हे तुम्ही कोणाला तरी विचारून ठेवलं होतं. मी नाही म्हणाले. बाबा, तो माझा हट्ट होता, आणि मला तो आजही चुकीचा वाटत नाही. मी वाट वाकडी करून लुंबिनीला गेले असते तर तुम्ही वस्तीत ताठ मानेनं सांगितलं असतं की पोरगी दर्शनाला गेली. मला दर्शनाचा आडोसा नको होता. कुठल्याही पाणवठ्यावर, कुठल्याही रस्त्यावर आपला हक्क आहे हे तुम्हीच मला शिकवलंत. मग नुसतं बसून डोंगर पाहण्याचा हक्क तेवढा कसा काय शेठलोकांचा राहिला? तुमच्यानंतर मी आईला लुंबिनीला घेऊन गेले. खूप रडली ती तिथे. मीही रडले. पण त्या खेपेला मला जायचं होतं म्हणून मी गेले होते.

पोखऱ्यात दोन दिवस ढगच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीनं हाक मारली. मी स्वेटर घालून बाहेर आले आणि तळ्याकाठच्या दगडावर बसले. समोर तो उभा होता, पांढरा, माशाच्या शेपटीसारखा शेंडा असलेला. मनात मोठं काही आलं नाही. चहा थंड झाला. कोणाचा फोन जोडायचा नव्हता, कोणासाठी उठायचं नव्हतं. आपल्या घरात तोवर कोणी बाई इतका वेळ कामाशिवाय बसली नसेल. मी तिथे दुपारपर्यंत बसले.

मी परत आल्यावर तुम्ही चार दिवस काही विचारलं नाहीत. मग एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता, "थंडी होती काय वं?" एवढंच. मी "होती" म्हणाले. आणखी विचारायची तुमची पद्धत नव्हती, आणि आपण होऊन सांगायची माझी नव्हती. दीड वर्षानं तुमच्या छातीनं दगा दिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी निघाले त्या दुपारी तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. मी रागावले आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. खरं म्हणजे गाडी सुटेपर्यंत मी खिडकीतून पुलाच्या जिन्याकडे बघत होते. तुम्ही आला असता आणि नुसतं "चाल घरी" म्हणाला असता, तर मी उतरले असते, बाबा.