सलोनीची जट

कावासाकी
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आईस,

अश्लेषाचा नमस्कार. फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या थोड्या मोडल्या, चव मात्र तीच. सत्यजितला सध्या रविवारीही ऑफिस आहे. बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले?

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिते आहे. सलोनीच्या केसांत जट झाली होती. मानेपाशी, अंगठ्याएवढी. तेल लावून सोडवायला बसले की त्या दिवशी तिला ताप भरायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

वरच्या मजल्यावर सुलास्त्रीबाई राहतात, जावा बेटावरच्या. इथे वृद्धाश्रमात काम करतात. जट बघून म्हणाल्या, "आमच्या गावाकडे अशा मुलांचे केस जबरदस्तीने कापत नाहीत. मूल आपणहून काहीतरी मागतं. ते द्यायचं, मग कापायचे."

काल सकाळी त्यांनी आमच्या टेबलावर नैवेद्य मांडला. भाताचा उंच शंकू म्हणजे डोंगर, टोक देवाकडे. लाल खीर आईची, पांढरी बापाची. दोघांपासून देह झाला म्हणून. पंख-पाय बांधून शिजवलेली अख्खी कोंबडी म्हणजे शरण जाणं. सलोनी त्या कोंबडीकडेच बघत राहिली.

"तुला काय हवं?" त्यांनी जपानीत विचारलं.

सलोनी घरातही जपानीतच उत्तर देते, तुला माहीत आहे. काल ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "आशे, माझे हात धरू नगंस."

आई, मला आशे फक्त आपली पद्मिनी म्हणायची. मिरजेला तू तिची जट कापलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मी सात. तू म्हणालीस, हात धर. मी धरले. ती हेच म्हणत होती आणि मी सोडले नाहीत. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. मलाही तेच खरं वाटतं. तरी हात धरल्याचं मी आजवर कुणाला, सत्यजितलाही, सांगितलेलं नाही.

काल मी सलोनीच्या खुर्चीपासून दूर, भिंतीशी जाऊन उभी राहिले. सुलास्त्रीबाईंनी कात्री चालवली. सलोनी हलली नाही. जट पांढऱ्या कापडात बांधून आम्ही तामा नदीत सोडली. वाहत्या पाण्यात ती पुरचुंडी बराच वेळ एका जागी थांबली, मग गेली.

आज ताप नाही. काल काय मागितलंस, असं विचारलं तर सलोनीला आठवत नाही.

'आशे' हे नाव तू तिला कधी सांगितलं होतंस का? सांगितलं असशील तर लगेच कळव. नसशील, तर या पत्राला उत्तर पाठवू नकोस.

तुझी उरलेली एक,
अश्लेषा