दोन खुर्च्यांपुरता पोर्च

संगमनेर,
फेब्रुवारी १९९९

प्रिय लीना,

तू पाठवलेली घराचे नकाशे काढायची सीडी चालली. सम्राटने त्याचा जुना कॉम्प्युटर इथे आणून ठेवला तेव्हा वाटलं होतं, त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्यापलीकडे माझ्या हातून काही होणार नाही. आता शाळेतून आले की चहा टाकते आणि घर बांधायला बसते. रोज एक बांधते आणि रोज ते पडतं. येत्या रविवारी प्लॉटवर पायाची आखणी आहे. मिस्त्रीला त्याआधी नकाशा द्यायचाय, आणि घराला पोर्च ठेवायचा की नाही हे अजून ठरत नाही. सूनबाई, तुला पोर्च हवा, दादांना नको, आणि मधे मी माउस धरून बसलेली. मी नवऱ्याला दादा म्हणते त्याचं तुला हसू येतं, पण सम्राट बोलायला लागल्यापासून ती सवयच पडली.

तू लिहून दिलेल्या सूचना मी मॉनिटरच्या कडेला चिकटवल्यात. आधी बाहेरच्या भिंती, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कोपरा नीट मिटला तरच आत खोली झाली असं ते समजतं. सुरुवातीला माझा कोपरा मिटेचना. केसभर फट राहायची, मला दिसायचीही नाही, आणि छप्पर घाल म्हटलं की अख्खं घर उघडं ते उघडंच. मग भिंतींची जाडी. ही सीडी बनवणारे परदेशी लोक फळ्यांच्या भिंती बांधत असावेत. आपल्या विटांचे नऊ इंच घातले तर मोरी इतकी अरुंद झाली, की बादली आत ठेवली तर माणूस बाहेर. आणि कोपरे एकदाचे मिटले तर त्याने न विचारताच उतरतं कौलारू छप्पर चढवलं. दादा मागून बघत होते. म्हणाले, "ही काय झेडपीची शाळा हाय का? जल्म गेला तुझा असल्या छपराखाली, आता घरी बी तेच?" तुझ्या सांगण्याप्रमाणे उतार शून्य केला तेव्हा कुठे आपल्यासारखा स्लॅब आला. शेजारच्या गोजरबाई रोज खुर्ची ओढून बघायला बसतात. त्यांनी सगळं घर डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, वर वाळवण टाकायला जायचं कुठून?" जिना मी विसरलेच होते.

पोर्चने मात्र खरा जीव काढला. भिंती घातल्या तर ते त्याला आतली खोली समजतं आणि आपलं मोठं दार घराच्या मधोमध येतं. भिंती पुसल्या तर वरचं छप्पर नाहीसं. तुझा कागद परत वाचला तेव्हा कळलं, की रेघ भिंतीचीच आखायची, पण तिचा प्रकार बदलून कठडा करायचा. म्हणजे रेघ मिटते, वर छप्पर येतं, आणि जागा उघडी राहते. जमलं तशी मी आनंदाने दादांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काढून टाक." मला वाटलं खर्चाचं असेल. तर म्हणाले, "खर्चाचं न्हाई. येणारा मानूस सरळ आत आला पाहिजे. मधी थांबायची सोय कशाला?" मी म्हटलं, चपला काढायला, भाजीवालीला पाटी टेकायला, लीनाला पुस्तक घेऊन बसायला. ते उठून गेले. मी पोर्च पुसला. तुझा फोन आला, पुन्हा काढला. ते घरी आले, पुन्हा पुसला. इतका आला-गेला की आता माझं बोट आपोआप चालतं, आणि मला काय हवंय तेच मला आठवत नाही.

लग्न झाल्यावर लवकरच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. नंतर कधी काढली नाही. जामखेडकडच्या त्यांच्या गावी ते सातवीला पहिले आले. शिष्यवृत्तीच्या कागदावर सही हवी होती, म्हणून गुरुजींनी घरी बोलावलं. बरोबर आई, म्हणजे माझ्या सासूबाई भागीरथीबाई. गुरुजी जेवत होते. हे दोघं अंगणात उभे, ऊन मी म्हणतंय, समोर ओसरीच्या छपराची सावली. दुपार कलली तशी ती सावली सरकत सरकत त्यांच्या पायांपाशी आली. पोराला वाटलं, बरं झालं, तळवे तरी गार होतील. तर आईने दंड धरून त्याला मागे ओढलं. सावली पुढे आली की हे मागे. पुन्हा आली की पुन्हा मागे. "सावलीनंच आमाला फाटकापर्यंत पोचवलं," असं दादा हसत म्हणाले होते. सही मिळाली, शाबासकीही मिळाली. ते का हसले ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आज कळलंय असंही छातीठोक सांगत नाही. ही गोष्ट पोर्चच्या आड उभी असेल हे मात्र सुचायला मला इतके दिवस लागले.

आणखी एक सांगायचंय. दिवाळीच्या सुमारास तुझे बाबा नगरहून इथे येऊन गेले. त्यांनी तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तुमच्या लग्नाला नोंदणी कचेरीत ते आले नव्हते, म्हणून आम्ही त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. तुझ्या पुस्तकांची पिशवी घेऊन ते फाटकाशी उभे राहिले. दादा तसेच बनियनवर धावले, "या, आत या." तुझे बाबा म्हणाले, "आज नको. रिक्षा थांबलीय. पुन्हा येईन सवडीने." मग दोघं भर उन्हात दूध संघाबद्दल, तुझ्या नोकरीबद्दल, पुण्याच्या भाड्यांबद्दल बोलत राहिले. चांगलं बोलले. रिक्षावाला बिडी ओढत निवांत बसला होता, त्याला कसलीच घाई नव्हती. मी पाणी नेलं. ते त्यांनी उभ्याउभ्या सगळं प्यायलं, आणि रिकामा पेला बराच वेळ हातातच धरून ठेवला. ते आत का आले नाहीत? लग्नाचा राग होता? ओशाळले होते? की ते जुनंच? मी एकदा एक ठरवते, मग तो पेला आठवतो आणि दुसरंच वाटतं. दादा रिक्षा वळेपर्यंत फाटक धरून उभे होते.

आणि काल संध्याकाळी दादा गोजरबाईंच्या खुर्चीवर येऊन बसले. म्हणाले, "काढ पोर्च परत." मला थट्टा वाटली. "दोन खुर्च्या मावतील एवढाच काढ. एक लीनाच्या वडलांची. आत यायला जड जात आसंल तर त्येंनी परत उन्हात उभं ऱ्हायला नको." मी विचारलं, दुसरी कुणाची? "माझी. त्येंला एकट्याला भाईर कसं बसवायचं?" मग त्यांनी स्लॅब पुढे ओढायला लावला, पार फाटकापर्यंत. "खुर्चीवर न्हाई बसला तरी उभ्या मानसाला सावली पाहिजे." मी ओढत गेले. पडद्यावर मला नीट दिसेना, तर म्हणाले, "रडतीस काय, कठडा वाकडा गेला बघ."

हे काय होतं लीना? मोठेपणा, टोमणा, की थकलेत ते? सकाळी मला रागच आला. आपल्याच घराच्या बाहेर आपण का बसायचं? दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता तो राग विरून गेला. आता लिहायला बसले तर तो राग आणि ती दुपारची शांतता, दोन्ही हाताला लागत नाहीत. फोनवर हे बोलता आलं नसतं, फोन दादांच्या उशाशी असतो. आणि खरं सांगू, मी भिंतींचं आणि छपराचं विचारायला लिहीत नाही. तुम्ही दोघं रविवारी येणारच आहात. बाबांना बरोबर आणशील का? आधी बुद्धवंदना म्हणू, मग मिस्त्री दोरी ताणून जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारेल. त्या दिवशी घर म्हणजे नुसत्या रेघा. भिंत नाही, उंबरा नाही, छप्पर नाही. बोलता बोलता माणूस चार पावलं टाकतो आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो, त्याला कळतही नाही. चहाचा थर्मास मी तिथेच ठेवणार आहे, स्वयंपाकघराच्या रेघांच्या आत. माझं चुकतंय का, सांग. बाबांनी तिथे चहा घेतला तर पोर्चचं मग बघू. नाही आले, तर दोन खुर्च्यांपुरता तो काढलेला आहेच. अजून पुसलेला नाही.

तुझीच,
आई